मोतीबिंदूनंतरचे स्टिरॉइडचे थेंब: दादांना रंगपंचमीआधी बंद करायचे आहेत, काय करू?

तांबट लेनची लेक

नमस्कार. प्रश्न माझ्या वडिलांच्या डोळ्याचा आहे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय ६९, मधुमेह चौदा वर्षांपासून, गोळ्या चालू. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज अकरा दिवस झाले. बिनटाक्याचं, फेको. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. आई रडायलाच लागली.

घरी तीन बाटल्या दिल्यात. मॉक्सिफ्लॉक्सासिन चार वेळा, दोन आठवडे. नेपाफेनाक तीन वेळा, सहा आठवडे. आणि प्रेडनिसोलोन, ते पहिल्या आठवड्यात रोज सहा वेळा, मग आठवड्याला एकेक कमी करत पाच, चार, तीन, दोन, एक. सध्या पाच वेळा चालू आहे, म्हणजे असायला हवं.

आठ दिवस सगळं व्यवस्थित चाललं होतं. परवा शेजारचे काका बघायला आले, चष्मा लावून प्रेडनिसोलोनची बाटली वाचली आणि म्हणाले, "अहो, हे स्टिरॉइड आहे. हाडं पोकळ होतात, शुगर वाढते. डोळा बरा झालाय ना, मग कशाला टाकता?" दादांना तेवढंच निमित्त हवं होतं. कारण पाच दिवसांवर रंगपंचमी आलीय. आमचं घर जुन्या नाशकात, तिवंध्याच्या रहाडीपासून, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या जुन्या हौदापासून, चालत पाच मिनिटांवर. सोळाव्या वर्षापासून दादांनी रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारायचा चुकवलेला नाही. प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा तपासायची नोकरी केली, पण त्या दिवशी रजा म्हणजे रजा. आता म्हणतात, औषध बंद, म्हणजे डोळा बरा, म्हणजे धप्पा.

काल दुपारी मी कामावर असताना त्यांनी थेंब टाकलेच नाहीत, आईने सांगितलं. रात्री मी समोर बसून टाकायला लावले. तेव्हा एक लक्षात आलं. पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने प्रेडनिसोलोनचा थेंब टाकला तो दुधासारखा पांढुरका होता. दादांनी टाकला तो पाण्यासारखा नितळ. बाटली तीच. औषध खराब झालं का?

डोळा दिसायला स्वच्छ आहे, लाली नाही, दुखत नाही. मग सहा आठवडे स्टिरॉइड खरंच लागतं का? मधेच थांबवलं तर काय होतं? आणि शुगरचं काय? डॉक्टरांची तपासणी पुढच्या शुक्रवारी आहे. मला दादांना पटेल असं काहीतरी सांगायचंय, नुसतं "डॉक्टर म्हणाले म्हणून" ते ऐकत नाहीत.

---

नाशिकरोडकर

ताई, बंद करू नका. शुक्रवारची वाट न बघता उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या मिसेसला अगदी हेच सहा-पाच-चार दिलं होतं, पूर्ण केलं, काही त्रास झाला नाही. मीही प्रेसमधलाच. दादांना सांगा, नोट अर्धी तपासून आपण बंडल पुढे सोडत नव्हतो.

---

थेंब सांगणारी ताई

तांबट लेनच्या ताई, आधी एक. दादांचा डोळा दुखायला लागला, लाल झाला, उजेड सहन होईना, किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज धूसर दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी डॉक्टर नाही. नाशकातच डोळ्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काम केलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला बाकावर बसवून कोणते थेंब, किती वेळा, कसे, हे समजावणं हेच माझं काम होतं. त्यामुळे तुमच्या दादांसारखे शेकडो दादा मी पाहिलेत आणि त्यांच्या प्रश्नांना मी कधी कंटाळले नाही.

नितळ थेंबाचं आधी सांगते, कारण तुम्ही फार नेमकं पाहिलंत. औषध खराब नाही. प्रेडनिसोलोन एसीटेट पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण नुसते तरंगत असतात आणि बाटली उभी ठेवली की तळाशी बसतात. हलवलं नाही तर वरचं पाणीच डोळ्यात जातं आणि औषध बाटलीत राहतं. म्हणजे दादांनी थेंब टाकले तेव्हाही औषध पुरतं गेलंच नसेल. दर वेळी टोपण लावलेलं असताना बाटली चांगली हलवायची, मनात वीस मोजेपर्यंत. थेंब पुन्हा पांढुरका दिसेल. शुक्रवारी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, नाहीतर ते समजतील की पूर्ण मात्रा चालू होती.

आता डोळा स्वच्छ दिसतो तरी कशाला, याचं. फेकोत बारीकशा छेदातून आत जाऊन ध्वनिलहरींनी गढूळ झालेलं भिंग फोडतात, ओढून घेतात आणि घडी केलेलं नवं भिंग आत उलगडतात. बाहेर टाका नाही, रक्त नाही, म्हणून माणसाला वाटतं काही झालंच नाही. आत मात्र डोळ्याला दुखापत झालेलीच असते. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा चिडतो, तिथल्या रक्तवाहिन्या पाझरतात, आणि पांढऱ्या पेशी व प्रथिनं डोळ्यातल्या नितळ पाण्यात उतरतात. हाच दाह. तो आरशात दिसत नाही. डॉक्टर हनुवटी टेकवून मशीनवर बघतात ना, तेव्हा ते उजेडाची एक बारीक तिरीप डोळ्यात सोडतात. कौलाच्या फटीतून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते, एरवी त्याच खोलीत एक कण दिसत नाही, तसं. एकदा आमच्या डॉक्टरांनी मला त्या मशीनमधून दाखवलं होतं. समोरचे आजोबा मजेत गप्पा मारत होते, डोळा पांढराशुभ्र, आणि आत ते कण संथपणे वर-खाली फिरत होते. तेव्हापासून "डोळा स्वच्छ आहे" हे वाक्य मी बाहेरून बघून कधी उच्चारलं नाही.

दाहाची औषधं तुम्हाला दोन दिली आहेत, त्याचंही कारण आहे. जखम झाली की पेशींच्या आवरणातून एक आम्ल सुटतं आणि त्यापासून पुढे सूज आणणारी द्रव्यं तयार होतात. पाटाचं पाणी समजा. नेपाफेनाक पुढची एक चारी बंद करतं. स्टिरॉइड पाटाच्या तोंडाशीच फळी टाकतं, म्हणून त्याचा जोर जास्त. मधुमेही माणसाला दोन्ही देण्याचं कारण असं की त्यांच्यात डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि ती सूज बऱ्याचदा ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी येते. म्हणजे सगळे निश्चिंत झाल्यावर. दादांचे सहा आठवडे या हिशेबाने आलेत.

मधेच थांबवलं तर काय, याला मी माझ्याच वडिलांचं उत्तर देते. त्यांचं ऑपरेशन मी काम करत होते तिथेच झालं. दहाव्या दिवशी दिंडोरीला लग्न होतं. पिशवीत बाटली टाकली होती, त्यांनी ती उघडलीच नाही, "दिसतंय की लख्ख" म्हणून. चौथ्या दिवशी घरी आले ते डोळ्यावर उपरणं धरून. ट्यूबलाइट सहन होईना. दाबलेला दाह दुप्पट होऊन उसळला होता. मग जागेपणी दर तासाला स्टिरॉइड, सोबत बाहुली मोठी ठेवणारे थेंब, आणि पुन्हा पहिल्यापासून पायरी पायरीने कमी करणं. सहा आठवड्यांचं काम अडीच महिन्यांवर गेलं. नजर वाचली. पण त्या रात्री ते भिंतीकडे तोंड करून अंधारात बसले होते ते मला अजून दिसतं. मी दिवसभर दुसऱ्यांना समजावत होते आणि घरी एकदा फोन करून "थेंब टाकले का दादा" एवढं विचारलं नव्हतं. मीही वडिलांना दादाच म्हणायचे.

म्हणून स्टिरॉइड जिन्याने उतरतं तसं उतरवायचं. मॉक्सिफ्लॉक्सासिनचं उलट आहे. ते जंतूंसाठी. ते ठरल्या दिवसापर्यंत पूर्ण मात्रेत आणि मग एकदम बंद, कारण अर्ध्या मात्रेवर जगलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. दोन बाटल्यांचे दोन कायदे, यात घरोघरी घोटाळा होतो.

काकांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, ते गोळ्यांचं आहे. दम्याला, संधिवाताला महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या की हाडं ठिसूळ होतात, शुगर चढते, हे खरंच. थेंबांचा हिशेब मांडून बघा. प्रेडनिसोलोनचे थेंब बहुधा एक टक्क्याचे असतात, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये दहा मिलिग्रॅम. एका मिलिलीटरचे साधारण वीस थेंब. म्हणजे थेंबात अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातलाही बराचसा गालावर ओघळतो. पाच थेंबांचं मिळून अडीच मिलिग्रॅम. गोळी बहुधा पाच, दहा, वीसची असते. दादांची शुगर घरच्या मशीनवर बघत राहा, मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नका, पण या थेंबांना शुगरचं कारण करून बाटली फेकू नका.

थेंब टाकताना दादांना आडवं निजवा. खालची पापणी ओढून जो खळगा होतो त्यात एकच थेंब. दोन टाकून फायदा नाही, डोळ्यात तेवढी जागाच नसते. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबून दोन मिनिटं धरायचं. त्याने औषध नाकावाटे घशात आणि तिथून अंगात उतरणं कमी होतं. काकांच्या शंकेवर हा घरचा उपाय. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी, नाहीतर तो पहिल्याला धुऊन नेतो.

आणि रहाड. ताई, मीही नाशिकची आहे, धप्प्याचं वेड मला समजतं. पण शेकडो अंगांचं पाणी एका खड्ड्यात. सोळाव्या दिवशी तो छेद पुरता भरलेला नसतो, त्यात स्टिरॉइडने जंतूंशी लढण्याची ताकद थोडी दबलेली. डोळ्याच्या आत जंतू शिरले तर काही तासांत नजर जाऊ शकते. हे मी एकदा पाहिलंय, लिहिणार नाही. थेंब बंद केले तरी धप्पा नाहीच, एवढं दादांना सरळ सांगा. म्हणजे थेंब बंद करण्यात त्यांचा फायदा उरत नाही.

---

देवळालीचा निवृत्त मास्तर

वरच्या ताईंनी उत्तम लिहिलं आहे. एक बाजू मी जोडतो, कारण ती माझ्या डोळ्यावर गेली आहे.

माझ्या ऑपरेशनला चौथा आठवडा होता. डोळा छान, दुखणं नाही, काही नाही. तपासणीला डोळ्यातलं प्रेशर निघालं ३४. साधारण १० ते २१ च्या दरम्यान असावं लागतं. स्टिरॉइडच्या थेंबांनी काही लोकांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट तुंबते आणि दाब चढतो, बहुधा दोन-चार आठवड्यांनी. साधारण तीन माणसांत एकाचा थोडाफार चढतो, माझ्यासारखा फार चढणारे थोडे. आधी कळत नाही कोणाचा चढेल. पण घरात काचबिंदू असेल, मधुमेह असेल किंवा चष्म्याचा नंबर फार मोठा असेल तर शक्यता वाढते. माझ्या आईला काचबिंदू होता. ऑपरेशनच्या आधी कागदावर तो रकाना होता, मी घाईत "नाही" लिहून आलो होतो.

डॉक्टरांनी औषध बंद केलं नाही हे लक्षात घ्या. त्यांनी प्रेडनिसोलोनच्या जागी लोटेप्रेडनॉल हे त्यातल्या त्यात दाब कमी चढवणारं स्टिरॉइड दिलं, आणि दाब उतरवायला टिमोलॉल. पंधरा दिवसांत १८ वर आलं. मला दम्याचा त्रास आहे का, हे टिमोलॉल लिहिण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं, कारण दमेकऱ्याला ते चालत नाही.

तेव्हा तुमच्या वडिलांना मधुमेह आहे म्हटल्यावर शुक्रवारी "प्रेशर मोजलं का आणि किती आलं" हे विचारा आणि आकडा लिहून घ्या. वाढलेला दाब दुखत नाही, म्हणून पुढची तपासणी कधीच चुकवू नका. शाळेत मी मुलांना परीक्षा चुकवू देत नव्हतो, पण माझी ती तपासणी मी जवळजवळ चुकवली होती. सून ओढून घेऊन गेली.

---

ओझरचा बागायतदार

माझा अनुभव ऑपरेशनचा नाही, पण याच बाटलीचा आहे. औषधाचे दिवस संपल्यावर उरलेलं औषध घरात ठेवू नका, एवढं सांगायला लिहितोय.

ऑक्टोबर छाटणीच्या वेळी द्राक्षाची काडी डोळ्यावर लागली. लाल झाला, पाणी येऊ लागलं. आईच्या मोतीबिंदूची स्टिरॉइडची बाटली फडताळात होती. टाकले थेंब. संध्याकाळपर्यंत लाली गेली, बरं वाटलं. बाटली संपली तर मेडिकलमधून तीच नावाने मागून आणली, चिठ्ठी कोणी मागितली नाही. नऊ दिवस टाकले. काडीबरोबर बुरशी आत गेली होती. स्टिरॉइडने लाली झाकली आणि बुरशीला रान मोकळं झालं. बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला तेव्हा दवाखान्यात गेलो. तीन महिने बुरशीचं औषध, दर तासाला. आज त्या जागी पांढरा डाग आहे आणि त्या डोळ्याने मला मणी मोजता येत नाहीत, घड नुसता हिरवा गोळा दिसतो.

ज्या औषधाने आईचा डोळा वाचला त्यानेच माझा गेला. औषध तेच होतं, माझ्याकडे बघायला कोणी नव्हतं. बाटली तशीही उघडल्यावर महिन्याने टाकून द्यायची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बागेत कोणाच्या डोळ्याला काडी, पान, धस लागलं तर घरातला कुठलाही थेंब टाकू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

---

तांबट लेनची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात फोन केला. चुकलेले थेंब आणि न हलवलेली बाटली, दोन्ही सांगितलं. त्यांनी शुक्रवारची वाट न बघता त्याच दुपारी बोलावलं. मशीनवर बघून डॉक्टर म्हणाले, डोळ्यातल्या पाण्यात अजून पेशी आहेत, अपेक्षेपेक्षा थोड्या जास्त. प्रेडनिसोलोन पुन्हा सहा वेळांवर नेलं, आणखी एक आठवडा, मग खाली. प्रेशर १६. आकडा मी वहीत लिहून घेतला, मास्तर काका.

दादांना ताईंचं उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं. पाटाची फळी, कवडसा, सगळं. ते गप्प ऐकत होते. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या तुमच्या दादांपर्यंत आले तेव्हा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी बाटली मागून घेतली आणि हलवायला लागले, ओठ हलत होते, वीसपर्यंत मोजत होते. पहिला पांढुरका थेंब त्यांनी आईला बोलावून दाखवला.

तिन्ही बाटल्या सारख्याच दिसतात म्हणून आईने युक्ती केली. जी हलवायची तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात ती कुंकवाची बोटं उमटवते, थेंबाला एक. आठवडा संपला की एक बोट कमी.

रंगपंचमीला दादा आले रहाडीपाशी, पण लांब, ओळखीच्यांच्या ओट्यावर, काळा गॉगल लावून, डोक्याला पंचा बांधून. माझा अकरा वर्षांचा मुलगा या वर्षी पहिल्यांदा उतरला. दादांनी वरून ओरडून त्याला सांगितलं, नाक धर आणि पाय जवळ घे. तो वर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता आणि दादा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आता एकच विचारायचंय. दुसरा डोळा दोन महिन्यांनी करायचा आहे. या वेळचा सगळा अनुभव तेव्हा डॉक्टरांना सांगावा लागेल का?

---

थेंब सांगणारी ताई

वाचून फार बरं वाटलं.

हो, सगळं सांगायचं. पहिल्या डोळ्याला किती आठवडे स्टिरॉइड लागलं, मधे दाह वाढला होता, प्रत्येक तपासणीचं प्रेशर किती, शुगर किती होती. पहिला डोळा जसा वागला त्यावरून ते दुसऱ्याची तयारी करतात. त्याआधी तीन महिन्यांची सरासरी शुगरही काढून घ्या. आणि दुसऱ्या डोळ्यासाठी नव्या बाटल्या, या वेळच्या उरलेल्या नाहीत. ओझरच्या दादांनी लिहिलंय तसं, शेवटचा थेंब झाला की आईंना म्हणावं, लाल दोरा काढून ठेवा आणि बाटली कचऱ्यात टाका.

---

तांबट लेनची लेक

दोरा आईने आत्ताच मागून ठेवलाय, दुसऱ्या डोळ्यासाठी. वही आणि कागद दादांच्या पेन्शनच्या पासबुकाच्या पिशवीत ठेवलेत, ती पिशवी ते कुठेही विसरत नाहीत.